वर्षफल आणि चार दिवसांचें आभाळ

काव्यांतील वर्णनें वाचून ज्यांस वसंत ठाऊक झाला आहे, त्यांनीं एकदां फाल्गुनाच्या उत्तरार्धांत मनमाडहून परभणीकडे जाणाऱ्या गाडीनें सेलूस उतरावें. कोकिळा तेथेंही ऐकूं येते, आंब्यास मोहोरही असतो. परंतु गांव मागें टाकून शिवारांत शिरलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, येथील माणसाची नजर मोहोराकडे नसून आभाळाच्या कडेकडे लागलेली आहे. ज्वारी काढून आडवी पसरलेली असते, हरभरा उपटून त्याचे ढीग घातलेले असतात, करडई वाळून खडखडत असते, गहूं पिवळा पडलेला असतो. सबंध हंगामाचे श्रम उघड्यावर, आणि त्यांवर छप्पर काय तें आभाळाचें.

मराठवाड्याच्या हवामानाचा इतिहास म्हणजे दुष्काळांचा इतिहास, असा समज रूढ आहे, व तो अगदींच निराधार नाहीं. १३९६ त सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ, तुकोबांचें घर ज्यांत बसलें तो १६३० चा, त्यानंतर १८९९–१९०० चा, आणि वृद्धांच्या तोंडून अजून ऐकूं येतो तो १९७२ चा, हे सर्व पावसाळ्याच्या दगलबाजीचे दुष्काळ होत. ह्या आपत्तीस विस्तार असतो, मुदत असते, म्हणून तिला नांव मिळतें. फाल्गुन-चैत्रांतील अवकाळी पावसाची व गारपिटीची गोष्ट निराळी. ती एका शिवारांत पडते आणि शेजारचें शिवार कोरडें राहतें. दुपारीं चार वाजतां येते आणि दिवेलागणीस आभाळ पुन्हां निरभ्र होतें. तिनें गांव ओस पडत नाहीं. दहा-वीस घरें कर्जांत जातात. अशा घरांची बखर कोणी लिहीत नाहीं.

पाऊसपाण्याचें भाकित करण्याचा उद्योग आपल्याकडे फार जुना आहे; परंतु त्याचा इतिहास चाळतांना आम्हांस असें दिसून आलें कीं, दोन हजार वर्षें ह्या विद्येनें बहुतेक एकच प्रश्न हाताळला: यंदां पाऊस किती? पिकलेलें धान्य खळ्यावर असतां येत्या चार दिवसांत काय होईल, हा दुसरा प्रश्न शेतकऱ्याच्या मनांत तसाच राहून गेला.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत निरनिराळ्या देशांच्या पावसाचें मान द्रोणांत दिलें आहे. त्यांत अश्मकांचा उल्लेख आहे, आणि अश्मक देश गोदावरीच्या खोऱ्यांत होता हें सर्वमान्य आहे. अवंतीस तेवीस द्रोण, आणि अश्मकांस त्याच्या निम्म्याहून थोडें अधिक, असें तें मान. आज परभणीच्या बाजूस वर्षाकाठीं सरासरी आठशें-नऊशें मिलिमीटर पाऊस पडतो व त्यांतील फार मोठा भाग जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत येतो. कौटिल्याचा हा मजकूर सीताध्यक्षाच्या, म्हणजे सरकारी शेतीवरील अधिकाऱ्याच्या, प्रकरणांत आहे हें लक्षांत घेतलें म्हणजे त्याचा हेतु उघड होतो. कोठें काय पेरावें आणि कोठारांत किती येईल, एवढेंच राजास जाणावयाचें होतें.

सहाव्या शतकांत उज्जयिनीच्या वराहमिहिरानें बृहत्संहितेंत मेघगर्भाचा जो विचार केला आहे, तो तर आमच्या विषयास फारच लागूं पडणारा आहे. आकाशांत गर्भ राहिला म्हणजे १९५ दिवसांनीं त्याचा प्रसव होतो, असें त्याचें गणित. त्याप्रमाणें चैत्रांतील गर्भ आश्विन-कार्तिकांत वर्षतो. आणि चैत्रांत वारा, ढग व वृष्टि असणें हें शुभ लक्षण. सेलूच्या शेतकऱ्यास हें वाचून दाखविलें तर तो काय म्हणेल? आश्विनांतील पाऊस म्हणजे काळ्या जमिनींतील रबीची ओल. तिच्यावरच त्याची शाळू ज्वारी तीन-चार महिने तग धरते. ती ओल त्यास हवीच आहे. पण त्या पावसाची विसार म्हणून आज खळ्यावरचें धान्य भिजूं द्यावयाचें, हा सौदा त्यास कितपत मानवेल याची आम्हांस शंका आहे! ग्रंथकाराची दृष्टि पुढच्या पिकावर होती. हातच्या पिकाचा त्यांत विचार नाहीं.

गुढीपाडव्याचें पंचांगवाचनही ह्याच जातीचें. संवत्सराचा राजा कोण, मेघाधिपति कोण, मेघाचा निवास कुंभाराघरीं कीं माळ्याघरीं, हें ऐकतांना आमच्या लहानपणीं मोठी गंमत वाटे. सहदेव-भाडळीचे ठोकताळे असोत, कीं अक्षय्य तृतीयेस बुलढाणा जिल्ह्यांत भेंडवळ येथें होणारी घटमांडणी असो, सर्वांचा रोख मृगाकडे. ह्या भाकितांत तथ्य किती, हा वाद आम्ही येथें उकरून काढीत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, पाडव्यास जो शेतकरी वर्षफल ऐकावयास बसे, त्याची अर्धी ज्वारी त्या घटकेस रानांतच असे, आणि तिच्याविषयीं पंचांगांत एक अक्षरही नसे.

राज्यकर्त्यांचे हिशेबही असेच. चौदाव्या शतकापासून दख्खनेंत चाललेला शुहूर सन मृगाच्या आरंभीं पालटे, म्हणून त्यास मृगसाल म्हणत. निजामी दफ्तरांत फसली सन चाले. त्याचें नांवच ‘फसल’ म्हणजे पीक ह्या शब्दावरून पडलें आहे. मृगसालाच्या गणनेनें फाल्गुन-चैत्र हे सरत्या वर्षाचे दिवस. पिकाचा अंदाज आणेवारीनें होई, व आणेवारी गांवाची ठरे. गारा मात्र गांवाची शीव पाहून पडत नाहींत. पुढें १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा लोहमार्ग झाला आणि त्यावरील सेलूची पेठ कापसानें गजबजली. आगगाडी दुष्काळांत परमुलखाचें धान्य आणूं शकते. भिजून काळ्या पडलेल्या ज्वारीचा रंग तिला परत आणतां येत नाहीं.

१८७५ त हिंदुस्थानचें हवामान खातें स्थापन झालें, त्याच्या मागें १८६४ चें कलकत्त्याचें वादळ व १८६६ चा ओरिसांतील दुष्काळ ह्यांची आठवण होती. खात्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड ह्यानें हिमालयांतील बर्फाच्या मानावरून १८८६ त मोसमी पावसाचें भाकित केलें. १९०४ ते १९२४ ह्या काळांत खात्याची धुरा वाहणाऱ्या गिल्बर्ट वॉकरनें तर त्यासाठीं पॅसिफिक महासागरापर्यंतचे हवेच्या दाबाचे आंकडे पालथे घातले. साधनें पालटलीं, बुद्धि तीव्र झाली. प्रश्न मात्र वराहमिहिराचाच राहिला. १९३२ त पुण्यास शेतकी हवामानाचा स्वतंत्र विभाग निघाला आणि १९४५ त रेडिओवरून शेतकऱ्यांकरितां हवामानवार्ता सुरू झाली, तेव्हां कोठें दुसऱ्या प्रश्नाची दखल घेतली गेली असें म्हणतां येईल.

आणि तो प्रश्न सोपा नाहीं. फाल्गुनाच्या अखेरीस जमीन तापूं लागते. वायव्येकडून कोरडा वारा येतो, बंगालच्या उपसागरावरून व अरबी समुद्रावरून दमट वारा येतो, आणि ह्यांची गांठ मध्य भारताच्या व मराठवाड्याच्या डोक्यावर पडते. दुपारनंतर तापलेली दमट हवा वेगानें वर चढते. तेथील थंडींत पाण्याचे थेंब गोठतात, पुनःपुन्हां वर फेकले जातात, त्यांवर बर्फाचीं पुटें चढतात, आणि वजन पेलेनासें झालें म्हणजे गारा खालीं कोसळतात. वैशाख-ज्येष्ठांत वरची हवाही बरीच तापलेली असल्यामुळें पुष्कळशी गार वाटेंतच वितळते. फाल्गुन-चैत्रांत ती शाबूत पोंचते. असा ढग एक-दोन तासांत जन्मतो आणि विरतो. तो कोणत्या शिवारावर रिता होईल हें चार दिवस आधीं सांगणें आजही कोणाच्या हातचें नाहीं. जिल्ह्यांत तसें वातावरण जमत आहे, एवढें सांगतां येतें. २०१४ त फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यांत व विदर्भांत गारपिटीनें जो कहर केला, तो ज्यांनीं पाहिला त्यांस ह्या ढगांचें सामर्थ्य सांगावयास नको. ज्वारी गेली कीं दाणाच जातो असें नाहीं, कडबाही जातो; आणि कडबा कुजला म्हणजे मृगापर्यंत बैलांस काय घालावें हा घोर लागतो.

येथें एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. पूर्वीं खळें सारवावें, तिवडा रोवावा, बैलांची पात धरावी, वारें पडेल त्या वेळीं उफणावें, ह्यांत पंधरवडा सहज जाई. त्या काळीं चार दिवस आधीं कळलें असतें तरी शेतकऱ्यानें काय केलें असतें? मळणीयंत्र आलें आणि पंधरवड्याचें काम कांहीं तासांवर आलें. म्हणून आज चार दिवसांच्या वार्तेस मोल आहे. परभणीचें कृषि विद्यापीठ १९७२ त, त्या दुष्काळाच्याच वर्षीं, स्थापन झालें. २००८ पासून जिल्हावार निघूं लागलेला हवामान-सल्ला येथें त्याच्यामार्फत शेतकऱ्यापर्यंत जातो. २०१६ च्या पीकविमा योजनेंत तर गारपिटीचें नुकसान शेतागणिक पाहण्याची तरतूद करण्यांत आली. बहात्तर तासांत खबर द्यावी ही अट मात्र होती. आणेवारीच्या जुन्या दफ्तराला जें दिसलें नव्हतें, तें कायद्याला दिसूं लागण्यास इतकीं वर्षें लागलीं.

जोखीम मात्र कमी झालेली नाहीं. तालुक्यांतील वालूरची जुनी बारव उन्हाळ्यांत एकेक पायरी उघडी करीत पाण्याचा हिशेब सांगे. ब्रह्मवाकडीजवळ दुधनेवर धरण झाल्यापासून कालव्याच्या पट्ट्यांत पायऱ्या मोजण्याची गरज उरली नाहीं. पाणी आलें तसा गहूं वाढला, उन्हाळी भुईमूग आला. म्हणजे चैत्रांत उघड्यावर असलेली दौलत वाढली. उन्हाचा तडाखाही लवकर बसूं लागला आहे. २०२२ चा मार्च देशांत १९०१ पासूनचा सर्वांत तप्त मार्च ठरला, व उत्तरेकडील गव्हाचे दाणे भरण्यापूर्वींच सुकले.

गेल्या फाल्गुनांत सेलूजवळच्या एका वस्तीवर आम्ही असतां, बोलण्याच्या ओघांत यंदांचा पावसाळा बरा होईल असें कोठें तरी वाचलेलें भाकित आम्हीं घरधनी म्हाताऱ्यास ऐकविलें. त्यानें तें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाला, “सायेब, मिरगाचं मिरगाला बघू. हे चार दिस कसे जातेत, त्ये सांगा.” त्याच्या नातवाच्या हातांत फोन होता. गुरुवारीं मेघगर्जनेसह पावसाची शक्यता, असें त्यानें वाचून दाखविलें. म्हाताऱ्यानें एकदां वर पाहिलें. आभाळ स्वच्छ होतें, ढगाचा ठिपका नव्हता. तरी तो उठला, मळणीयंत्रवाल्यास उद्यांच बोलावून घे असें पोरास बजावून, गोठ्याच्या वळचणीची ताडपत्री ओढून काढूं लागला.