‘धर्म’ आणि ‘संबंध’ : मराठी ख्रिस्ती श्रद्धाविचाराच्या भाषेचा एक प्रश्न

ख्रिस्ती श्रद्धा हा ‘धर्म’ नसून ईश्वराशी असलेला वैयक्तिक संबंध आहे, हे विधान ख्रिस्ती प्रवचनांतून व आत्मनिवेदनांतून वारंवार आढळते. ते वरवर पाहता केवळ भक्ताच्या उत्कटतेचे उद्गार वाटते. परंतु त्याला एक इतिहास आहे, आणि तो इतिहास पुष्कळ अंशी शब्दांचा इतिहास आहे. हे विधान मराठीत करावयाचे झाल्यास ‘धर्म’ हाच शब्द वापरावा लागतो. आणि युरोपीय भाषांतील ‘रिलिजन’ व मराठीतील ‘धर्म’ यांची व्याप्ती एक नाही. तेव्हा युरोपात ज्या वस्तूचा निषेध झाला तीच वस्तू महाराष्ट्रात निषिद्ध ठरली काय, हा प्रश्न विचारणे प्राप्त आहे. प्रस्तुत लेखात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) व नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या उदाहरणांवरून त्याचा विचार करावयाचा आहे.

१

प्रथम मूळ शब्दांकडे पाहू. लॅटिन ‘रेलिगिओ’ या शब्दाची व्युत्पत्ती सिसेरोने ‘पुन्हापुन्हा काळजीपूर्वक पाहणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून दिली, तर लॅक्टान्शियसने ‘बांधणे’ या अर्थाच्या धातूवरून दिली. पहिल्या अर्थात विधीची दक्षता आहे, दुसऱ्यात ईश्वराशी जोडले जाणे आहे. म्हणजे ज्या द्वंद्वाची आपण चर्चा करीत आहोत ते त्या शब्दाच्या पोटातच होते. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत बाह्य उपासनापद्धती या अर्थाचा ‘थ्रेस्केइया’ हा शब्द अवघा चार वेळा आला आहे. उलट ‘पिस्तिस्’ (विश्वास, निष्ठा) हे नाम व त्याचे क्रियापद पदोपदी आढळते. योहानाच्या शुभवर्तमानात तर हे नाम एकदाही नाही. क्रियापद मात्र नव्वदांहून अधिक वेळा येते. विश्वास ही तेथे जवळ बाळगण्याची वस्तू नसून कोणावर तरी टाकलेला भार आहे, एक क्रिया आहे, हे या व्याकरणावरून ध्यानात येते.

ही क्रिया गोठून तिची संस्था बनते, असा आक्षेप युरोपात निरनिराळ्या काळी घेतला गेला. जर्मनीत फिलिप याकोब श्पेनर याने १६७५ मध्ये लिहिलेल्या ग्रंथाने पिएटिस्ट चळवळीला वळण दिले. या चळवळीत वाढलेले त्सीगेनबाल्ग व प्ल्यूत्शाऊ हे दोघे १७०६ मध्ये तरंगमबाडी येथे उतरले. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली हा दीक्षित धर्मोपदेशक असूनही २४ मे १७३८ च्या सायंकाळी आपल्याला ख्रिस्ताविषयी खरा भरवसा प्रथमच वाटला, असे त्याने आपल्या रोजनिशीत नमूद केले. विसाव्या शतकात कार्ल बार्थ याने १९३८ च्या आपल्या ग्रंथखंडात मानवनिर्मित ‘रिलिजन’ हाच अविश्वास होय, असा टोकाचा सिद्धांत मांडला. तर दिट्रिख बोनहोफर याने १९४४ मध्ये तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत ‘रिलिजन’विरहित ख्रिस्तनिष्ठेचा विचार केला. पुढे विल्फ्रेड कँटवेल स्मिथ या इतिहासकाराने असे प्रतिपादिले की, ‘रिलिजन’ म्हणजे एक बंदिस्त, मोजता येण्याजोगी पद्धती ही कल्पनाच अर्वाचीन युरोपीय आहे. माणसाच्या अंगी श्रद्धा असते आणि समाजाच्या हाती परंपरा साचत जाते, या दोहोंना एका नावाने संबोधू नये.

२

मराठीतील परिस्थिती निराळी होती. ‘धर्म’ या शब्दात स्वभाव, कर्तव्य, आचार, दान आणि जातिकुलाची मर्यादा हे सर्व अर्थ एकत्र नांदत होते. पुत्रधर्म, राजधर्म, शेजारधर्म हे प्रयोग आजही रूढ आहेत. त्यात ईश्वराचा संबंध असेलच असे नाही. ईश्वराशी जडणाऱ्या नात्याला मराठीत दुसरेच शब्द होते : भक्ती, भाव, निष्ठा. संतांच्या वाणीने हे शब्द घरोघर पोचविले होते. किंबहुना धर्म व भाव यांतील ताण मराठी समाजाला ख्रिस्ती उपदेशक येण्यापूर्वीच परिचित होता.

फादर थॉमस स्टीफन्स याने हे ओळखले होते, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. १६१६ मध्ये राशोल येथे छापलेल्या, सुमारे ११ हजार ओव्यांच्या आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’त त्याने स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आणि श्रद्धेसाठी ‘भावार्थ’ हा शब्द योजिला. गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीत श्रद्धा या अर्थी ‘भावार्थ’ हा शब्द अद्यापि चालतो. एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मिशनांचा मार्ग वेगळा पडला. श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला. १८४२ मध्ये अहमदनगर येथे ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. या काळच्या वादविवादांत ‘हिंदुधर्म’ व ‘ख्रिस्ती धर्म’ हे दोन पक्ष समोरासमोर उभे राहिले. शब्दांची ही जोडी वादाला सोयीची होती. परंतु तिच्यामुळे ख्रिस्ताचे अनुयायित्व मराठी वाचकाच्या मनात आचार, जात व मर्यादा यांच्याच रांगेत जाऊन बसले. एक धर्म ‘सोडून’ दुसरा ‘स्वीकारणे’ हे क्रियापदच मुळी घर किंवा जात बदलण्याचे आहे. समाजाने बाप्तिस्म्याला जात्यंतर मानले, यात त्याचे अज्ञान नव्हते. भाषेने जे सुचविले तेच त्याने ऐकले.

३

या पार्श्वभूमीवर पंडिता रमाबाईंचे उदाहरण पाहावे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी आपली कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. तेथील संन्यासिनींच्या आश्रयाने त्या राहत होत्या. परंतु त्रैक्यासारख्या सिद्धांतांविषयी त्यांच्या शंका कायम होत्या, आणि १८८५ च्या पत्रव्यवहारात त्यांनी स्पष्ट बजावले की, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड मानेवर घेण्यास आपण सिद्ध नाही. वापरावयास दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नसावीत, असाही त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न अभिमानाचा तर होताच, पण त्यात एक मर्मही होते : जी भाषा आपली नाही, तिच्यात ईश्वराशी नाते कसे जोडावे?

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईस शारदासदन काढले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. याच सुमारास त्यांच्या जीवनात जे परिवर्तन घडले त्याचा वृत्तांत त्यांनी १९०७ च्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात दिला आहे. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. व्यासपीठावरून स्वतःचे प्रवचन करीत असतानाच त्याचे परिवर्तन झाले होते. ते वाचून रमाबाईंना जाणवले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला. परंतु त्या धर्माचा जो प्राण, तो ख्रिस्त आपल्याला सापडलेला नाही. बाप्तिस्मा होऊन तेव्हा सुमारे ८ वर्षे लोटली होती. आपण ज्या विधानाचा विचार करीत आहोत, त्याचे इतके नेमके रूप एकोणिसाव्या शतकातील भारतीय लेखनात क्वचितच आढळेल.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. रमाबाईंच्या बाबतीत हा भेद दोन वेळा घडला. प्रथम त्यांनी ‘धर्म’ सोडला तो आचार व वर्णमर्यादा या अर्थाने. दुसऱ्यांदा त्या पलीकडे गेल्या त्या ‘रिलिजन’च्या, म्हणजे सिद्धांत व संप्रदाय यांच्या. इंग्लंडातील पंथोपपंथांचा गोंधळ पाहून त्या कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत स्वतःला बसवून घेण्यास नाखूष होत्या. याचे दूरचे फळ त्यांच्या बायबलच्या भाषांतरात दिसते. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी केलेले हे भाषांतर केडगावच्या मुक्तिसदनातच छापले गेले; संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये बाहेर आला. संस्कृताच्या पांडित्याबद्दल कलकत्त्यास ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळविलेल्या या स्त्रीने भाषांतरात मात्र संस्कृतप्रचुर परिभाषा टाळून साध्या स्त्रियांना कळेल अशी मराठी पत्करली. ईश्वराशी संबंध जर वैयक्तिक, तर त्याची वाणी कळण्यासाठी मध्ये पंडित असता कामा नये, हा त्यामागील विचार उघड आहे.

४

टिळकांनी नेमकी उलट वाट चोखाळली. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची धारणा प्रसिद्ध आहे. रमाबाईंनी परंपरेतील शब्दांचे ओझे उतरविले. टिळकांनी त्याच शब्दांना नव्या व्यक्तीचा पत्ता दिला. अभंग, पद, ‘गुरू’ व ‘माउली’ ही संबोधने त्यांनी ख्रिस्ताकडे वळविली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त त्यांची अनेक पदे आहेत.

या संदर्भात एका व्याकरणिक बाबीचा निर्देश करणे अवश्य आहे. मराठीत आईला ‘तू’ म्हणावे आणि वडिलांना ‘तुम्ही’, हा पुष्कळ घरांतील जुना शिष्टाचार होय. मराठी बायबलात मात्र स्वर्गीय पित्याला ‘तू’ असेच संबोधिले आहे. मूळ ग्रीकमधील एकवचन हे त्याचे एक कारण; परंतु ते मराठी कानाला खटकले नाही याचे कारण संतवाणी हे होय. विठ्ठलाला ‘तू’ म्हणण्याचा अधिकार वारकऱ्याने पूर्वीच मिळविला होता. त्यामुळे ऐहिक पित्याशी नसलेली सलगी स्वर्गीय पित्याशी शक्य झाली. ‘वैयक्तिक संबंध’ हा समास अर्वाचीन व काहीसा परका वाटतो. पण तो ज्याचा निर्देश करतो ते द्वितीय पुरुषी एकवचन मराठीत फार जुने आहे.

टिळकांनी हा विचार शेवटपर्यंत नेला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना त्यात प्रवेश होता. संबंध हेच जर सार, तर विधी ही अट कशी, हा प्रश्न त्यांनी संस्थेच्या रूपाने विचारला. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे निधन झाले.

५

येथवरच्या विवेचनावरून संबंध श्रेष्ठ व धर्म कनिष्ठ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे; परंतु तो पुरा नाही. याची साक्ष लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) देतात. पतीने जो संबंध नितांत वैयक्तिक मानला, त्याची किंमत पत्नीला मोडलेल्या संसाराच्या रूपाने द्यावी लागली. काही वर्षे त्या पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्याआधीच जातिभेद हा माणसांनी केलेला आहे, हा विचार त्यांच्या मनाने पक्का केला होता आणि सोवळेओवळे गळून पडले होते. म्हणजे टिळकांच्या बाबतीत प्रारंभ ग्रंथापासून व ख्रिस्ताच्या व्यक्तित्वापासून झाला, तर लक्ष्मीबाईंच्या बाबतीत पाण्याच्या भांड्यापासून. ‘धर्म’ या शब्दाचा मराठी अर्थ ध्यानी घेतला, तर दुसरा प्रारंभ पहिल्याहून गौण ठरत नाही. आचार बदलला तेव्हाच नात्याला वाट मिळाली.

दुसरी गोष्ट अशी की, संबंधाला भाषा लागते आणि भाषा कोणा एकट्याची नसते. ‘तू’ हा उच्चार टिळकांना तुकोबांनी शिकविला. रमाबाईंच्या साध्या मराठीमागे मुक्तिसदनातील शेकडो स्त्रियांची बोली होती. ज्याला कँटवेल स्मिथ साचलेली परंपरा म्हणतो, तिच्यावाचून वैयक्तिक श्रद्धेला शब्द फुटत नाही. आणि वैयक्तिक श्रद्धेवाचून त्या शब्दांत प्राण राहत नाही. ‘देवाचा दरबार’ काढताना टिळकांनाही सभासदत्वाचे नियम करावेच लागले.

तेव्हा ‘धर्म नव्हे, संबंध’ हे विधान इतिहासाच्या अभ्यासकाने सिद्धांत म्हणून न घेता निषेध म्हणून वाचावे, आणि तो निषेध प्रत्येक वेळी कशाचा आहे हे तपासावे. श्पेनर व वेस्ली यांच्या तोंडी तो निर्जीव झालेल्या उपासनेचा आहे. बार्थच्या तोंडी माणसाच्या आत्मसमर्थनाचा. रमाबाईंच्या तोंडी पुरोहितशाहीचा, मग ती एतद्देशीय असो वा परदेशी. आणि टिळकांच्या तोंडी भक्ताला समाजापासून तोडणाऱ्या परक्या चौकटीचा. एकाच शब्दाचा हा चतुर्विध वापर वेगवेगळा ओळखणे, हे या विषयावरील मराठी साधनांच्या पुढील अभ्यासाचे पहिले काम होय. ‘ज्ञानोदया’च्या जुन्या अंकांतील ‘धर्म’, ‘भाव’, ‘विश्वास’ व ‘श्रद्धा’ या चार शब्दांच्या प्रयोगांची कालक्रमाने नोंद झाल्यास या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पडेल.