लातूरच्या छोट्या गाडीपासून कंटेनरपर्यंत

भूगोलाच्या तासाला मराठवाड्याच्या नकाशात रेल्वेमार्ग भरताना बाई तीन रंगांच्या पेन्सिली काढायला लावत. कारण आपल्याला दोन मार्कांपुरतंच ठाऊक होतं. नांदेडवरून मनमाडकडे जाणारी निजामाच्या काळातली गाडी मीटरगेज, विकाराबादहून लातूर रोडमार्गे परळीला जाणारी ब्रॉडगेज आणि खुद्द लातुरात येणारी बार्शी लाइट रेल्वे नॅरोगेज, दोन रुळांत जेमतेम अडीच फुटांचं अंतर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ती १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केली. १९११ मध्ये ती लातूरला पोचली.

आता लातूरच्या आडतीतली तूर मुंबईला निघाली आहे असं समजा. कुर्डुवाडीला छोटी गाडी संपली की पोतं न् पोतं उतरवायचं आणि मोठ्या गाडीच्या वाघिणीत चढवायचं. हमाली दोनदा, वेळ दुप्पट, फाटलेल्या पोत्यांची तूट वेगळी. नांदेडच्या मालाची हीच गत मनमाडला. कॅलथ्रॉपला हे सलत असावं, असा माझा आपला अंदाज. कारण पुढे इंग्लंडात १९०४ मध्ये सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या रेल्वेवर त्याने मोठ्या रुळांचा डबा जसाच्या तसा पाठीवर घेणाऱ्या खास वाघिणी वापरल्या. माल उतरवायचाच नाही, अख्खा डबा पुढे न्यायचा. आपल्या लातूरला मात्र ते सुख लाभलं नाही.

जगाला ही युक्ती पटायला आणखी पन्नास वर्षं लागली. २६ एप्रिल १९५६ रोजी मॅल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्याचं 'आयडियल एक्स' जहाज ५८ बंद पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. पुढे पेट्यांची मापं ठरली, आणि ट्रक, रेल्वे, जहाज या तिघांनाही एकच पेटी चालू लागली. १९८९ मध्ये सुरू झालेलं आपलं न्हावा शेवा बंदर याच पेट्यांवर मोठं झालं.

"तू नेमकं करतोस काय?" असं दर मेळाव्याला विचारणाऱ्यांसाठी सांगतो : मी याच पेट्या भरतो, फक्त त्या लोखंडाच्या नसतात. एका कॉम्प्युटरवर नीट चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडतो, कारण तिथले 'रूळ' वेगळे असतात. म्हणून प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधून एक इमेज करतात. ती कुठल्याही सर्व्हरवर नेऊन चालू केली की झाला कंटेनर. याची मुळं १९७९ च्या युनिक्समधल्या 'सीएचरूट' या सोयीत आहेत. २००० मध्ये फ्रीबीएसडीचे 'जेल' आले, २००८ मध्ये लिनक्स कंटेनर. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्सने एका परिषदेत पाचेक मिनिटांत डॉकर दाखवला आणि हे काम सर्वांच्या आवाक्यात आलं. त्याचं बोधचिन्हही पाठीवर पेट्या घेतलेला देवमासाच आहे. २०१५ मध्ये या पेट्यांचीही मापं ठरवणारी संस्था निघाली.

इथवरचा इतिहास सगळे कौतुकाने सांगतात. खरी कटकट पुढे आहे. तुरीचं पोतं शिवताना आत भुंगा राहिला, तर वरून पोतं कितीही चांगलं दिसो, आत पीठ होत असतं. इमेजचं तसंच. बांधली त्या दिवशी जे आत गेलं, ते तसंच राहतं, चुकांसकट. बाहेरचा सर्व्हर कितीही अद्ययावत केलात तरी आतला माल जुनाच. आणि चालू कंटेनरमध्ये हात घालून केलेली दुरुस्ती टिकत नाही, तो नव्याने उभा राहिला की पुन्हा मूळपदावर. इमेजच नव्याने बांधावी लागते.

हे मला डिसेंबर २०२१ ने शिकवलं. लॉग४जे या जावा प्रोग्रॅममध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या भागात मोठं भगदाड असल्याचं उघड झालं. एक विशिष्ट ओळ पाठवून परका माणूस सर्व्हर ताब्यात घेऊ शकत होता. आमच्याकडच्या एका इमेजमध्ये तो भाग होता आणि ती २०२० मध्ये मीच बांधलेली. "चालतंय ना, मग कशाला हात लावा" म्हणून वर्षभर ढुंकूनही पाहिलं नव्हतं. भरीला तिचा पाया सेंटॉस ८ चा. त्याचे अपडेट २०२९ पर्यंत मिळतील असं आधी ठरलेलं. पण ती मुदत अलीकडे ओढून ३१ डिसेंबर २०२१ केल्याची घोषणा वर्षभरापूर्वीच झाली होती. मी वाचली होती आणि विसरलो होतो. त्यातून इमेज कशी बांधली ती कृतीची फाइलही जुन्या लॅपटॉपबरोबर गेलेली. थर उलगडून आत काय काय भरलंय ते शोधण्यात सलग तीन रात्री गेल्या. कुणी आत शिरलं नव्हतं. त्यात माझी हुशारी शून्य.

आता दर आठवड्याला सगळ्या इमेज आपोआप नव्याने बांधल्या जातात, तपासल्या जातात, मगच पुढे जातात. 'लेटेस्ट' अशी चिठ्ठी लावलेली इमेज ताजी असेलच, यावर मी विश्वास ठेवत नाही. ती नुसती चिठ्ठी असते. कुर्डुवाडी-लातूर मार्ग २००८ च्या सुमारास ब्रॉडगेज झाला. आमच्याकडे मात्र अजून दोन इमेज अशा आहेत, की त्या कुणी बांधल्या आणि कशा, हे कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे मेळाव्याच्या दिवशी पंगतीत माझा फोन चालू राहील. सरांनी तेवढी परवानगी द्यावी.