शक्ती (वाद्यवृंद) : विभाजन आणि पुनर्मीलनाच्या मैफली

हिंदुस्थानी, कर्नाटक आणि जॅझ या तीन परंपरांतल्या वादकांनी १९७३ च्या सुमारास अमेरिकेत उभारलेला ‘शक्ती’ हा प्रयोगशील वाद्यवृंद होय. १९७८ मध्ये तो विखुरला, १९९७ मध्ये ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने पुन्हा जुळला आणि २०२० मध्ये मूळ नाव घेऊन तिसऱ्यांदा उभा राहिला. ८ व ९ डिसेंबर २००० रोजी मुंबईत झालेल्या त्याच्या मैफली ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’ या ध्वनिमुद्रणामुळे विशेष प्रसिद्ध आहेत.

वृंदाच्या संस्थापकांपैकी दोघे : इंग्लंडमधील यॉर्कशरचे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन (जन्म १९४२) आणि मुंबईच्या माहीममध्ये वाढलेले तबलावादक झाकीर हुसेन (१९५१–२०२४). ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ या विजेच्या वाद्यांच्या दणदणीत वृंदामुळे मॅक्लॉफ्लिन जगभर गाजत होते. त्याच काळात ते वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकू लागले. तिथेच एल. शंकर हे तरुण कर्नाटक व्हायोलिनवादकही होते. घटम या मातीच्या घड्याच्या तालवाद्यासाठी टी. एच. विनायकराम ऊर्फ विक्कू आले आणि सुरुवातीच्या काळात मृदंगावर रामनाड राघवन होते. ड्रम नाही, बास गिटार नाही आणि विजेचे वाद्यही नाही, अशी ही रचना त्या काळच्या फ्यूजन संगीताच्या अगदी उलट दिशेची होती.

वृंदाचे वेगळेपण केवळ पूर्व-पश्चिम भेटीत शोधणे अपुरे ठरेल. उत्तर आणि दक्षिण भारताच्या तालपद्धतींची भेट त्याहून अवघड होती. तबल्याचे कायदे व तिहाया (तीनदा फिरून समेवर येणारे बोल) आणि घटमची कोरवै (आवर्तनाच्या शेवटची हिशेबी तालरचना) यांचे हिशेब वेगळ्या रीतीने मांडले जातात. ते एका आवर्तनात बसवून समेवर एकत्र यायचे, तर दोन्ही वादकांना एकमेकांची भाषा मुळापासून शिकावी लागते. या शिकण्यात कोनक्कोल, म्हणजे तालाचे बोल तोंडाने म्हणण्याची दाक्षिणात्य पद्धत, फार उपयोगी पडली. वृंदाच्या काही रचनांची सुरुवातच अशा बोलांनी होते. मॅक्लॉफ्लिन यांनी वाद्यातही बदल करून घेतला. एब वेक्टर या कारागिराने बनवलेल्या त्यांच्या गिटारवर मुख्य तारांखाली तिरप्या सात तरफा (अनुनादी तारा) होत्या आणि पडद्यांमधले लाकूड कोरून खोलगट केलेले होते. त्यामुळे तार दाबून-ओढून वीणेसारखे गमक काढता येऊ लागले.

पहिली ध्वनिमुद्रिका ५ जुलै १९७५ च्या मैफलीची. ती १९७६ मध्ये निघाली. १९७७ मध्ये ‘अ हँडफुल ऑफ ब्यूटी’ आणि ‘नॅचरल एलिमेंट्स’ या दोन आल्या. विक्री मात्र महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या तुलनेत फारच कमी राहिली. विक्कूंना वडिलांनी चालवलेल्या तालवाद्य विद्यालयासाठी चेन्नईला परतावे लागले, तर मॅक्लॉफ्लिन पुन्हा विजेच्या गिटारकडे वळले. १९७८ मध्ये वृंदाचे काम थांबले.

त्यानंतरचा खंड जवळपास दोन दशकांचा. सप्टेंबर १९९७ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यासाठी मॅक्लॉफ्लिन, हुसेन आणि विनायकराम पुन्हा एकत्र आले, एल. शंकर त्यात नव्हते. त्यांच्या जागी दुसरे व्हायोलिन न घेता बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया यांना बोलावले गेले, आणि या एका निवडीने वृंदाचा स्वभाव बदलला. सत्तरच्या दशकात वेगवान सवाल-जवाब हा प्राण होता, आता आलाप आणि विलंबित विस्ताराला जागा मिळाली. १९९९ च्या दुहेरी ध्वनिमुद्रिकेतील ‘मुक्ती’ ही एकच रचना तासाभराहून अधिक चालते. जुने यश जसेच्या तसे पुन्हा वाजवण्याचा मोह टाळल्यामुळेच हे पुनर्मीलन संगीतदृष्ट्या खरे ठरले.

पुढे बासरीची जागा यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांच्या मँडोलिनने घेतली. मँडोलिनसारखे परदेशी वाद्य कर्नाटक संगीतात रुजवणारा हा असामान्य कलावंत होता. घटमवर, आणि विशेषतः खंजिरीवर, विक्कूंचे पुत्र व्ही. सेल्वगणेश आले.

डिसेंबर २००० च्या मुंबईतील मैफली हा या पर्वाचा कळस. मैफलींत पाहुणे कलाकार पुष्कळ होते : संतूरवर शिवकुमार शर्मा, स्लाइड गिटारवर देबाशिष भट्टाचार्य, तालवाद्यांवर शिवमणी, पखवाजावर भवानी शंकर, तविलवर ए. के. पळनिवेल. शर्मांची ‘शृंगार’ ही रचना मैफलीचा सर्वांत संथ आणि सर्वांत समृद्ध भाग आहे. मुंबईच्या चेंबूरमध्ये वाढलेले, संगीतकार श्रीनिवास खळे यांचे मार्गदर्शन लाभलेले गायक शंकर महादेवन यांनी कर्नाटक संगीतातील रचनाकार त्यागराजांची ‘गिरिराज सुता’ ही कृती गायली. मुळात केवळ वाद्यांच्या असलेल्या या वृंदात त्यांच्या आवाजाने गायनाला कायमचे स्थान मिळाले. २००१ मध्ये निघालेल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव मॅक्लॉफ्लिन यांच्याच ‘फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को’ (१९८१) या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेची आठवण करून देते.

१९ सप्टेंबर २०१४ रोजी श्रीनिवास यांचे वयाच्या ४५ व्या वर्षी निधन झाले. त्यांच्या जागी मँडोलिन आले नाही. २०२० मध्ये वृंद पुन्हा जुळला तेव्हा ‘गणेश-कुमरेश’ जोडीतील गणेश राजगोपालन यांचे व्हायोलिन घेतले गेले, म्हणजे चार दशकांनी हे वाद्य वृंदात परतले. कोविडच्या महासाथीमुळे कलावंतांनी आपापल्या ठिकाणाहून वादन मुद्रित केले. ‘धिस मोमेंट’ ही ध्वनिमुद्रिका जून २०२३ मध्ये प्रकाशित झाली. १९७७ नंतरची ही ‘शक्ती’ नावाची पहिली स्टुडिओ ध्वनिमुद्रिका. तिच्यात ‘गिरिराज सुता’ पुन्हा आहे आणि ‘श्रीनीज ड्रीम’ ही रचना श्रीनिवास यांच्या स्मरणार्थ आहे.

पन्नास वर्षांच्या निमित्ताने निघालेल्या दौऱ्याची सुरुवात जानेवारी २०२३ मध्ये भारतातून, मुंबईसह चार महानगरांतून झाली. मॅक्लॉफ्लिन तेव्हा ८१ वर्षांचे होते. दौरा पुढे युरोप आणि अमेरिकेत गेला. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘धिस मोमेंट’ला सर्वोत्कृष्ट जागतिक संगीत ध्वनिमुद्रिकेचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच समारंभात झाकीर हुसेन यांना आणखी दोन ग्रॅमी मिळाले. १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले. १९७३ पासून तिन्ही पर्वांत वृंदात राहिलेले वादक दोघेच : मॅक्लॉफ्लिन आणि हुसेन.