ओबामांची सुशी आणि जपानचा भात

२३ एप्रिल २०१४. अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा टोकियोत उतरले आणि त्याच रात्री पंतप्रधान शिंझो आबे त्यांना जेवायला घेऊन गेले. कुठे? गिन्झातल्या एका ऑफिस बिल्डिंगच्या तळघरात, मेट्रो स्टेशनला लागून. काउंटरला फक्त १० खुर्च्या. नाव 'सुकियाबाशी जिरो'. काउंटरपलीकडे ८८ वर्षांचे जिरो ओनो, 'जिरो ड्रीम्स ऑफ सुशी' या डॉक्युमेंटरीने जगभर माहीत झालेले. मेनूकार्ड वगैरे नाही. ते देतील ते, देतील त्या क्रमाने खायचं. सुमारे २० सुशी आणि माणशी किमान ३०,००० येन!

दुसऱ्या दिवशी पेपरांत चर्चा कशाची, तर ओबामांनी किती सुशी खाल्ल्या. मी कोकणातला भातखाऊ, त्यामुळे मला त्या जेवणात दिसतो तो माशाखालचा भात.

सुशी म्हणजे कच्चा मासा, असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही हो. नुसत्या कच्च्या माशाला 'साशिमी' म्हणतात. सुशी हा आंबट भाताचा पदार्थ. सुरुवातीला तर भात फक्त मासा टिकवण्यापुरता होता. खारवलेला मासा भातात महिनोन्‌महिने दाबून ठेवायचा, भात आंबला की मासा खायचा आणि भात टाकून द्यायचा. पुढे लोक भातही खाऊ लागले. मग आंबण्याची वाट कोण बघणार, म्हणून भातात व्हिनेगर आलं. १८०४ मध्ये हांदा गावच्या नाकानो मातासाएमोन या साके बनवणाऱ्याने साकेच्या चोथ्यापासून स्वस्त व्हिनेगर काढलं. साकेसुद्धा तांदळाचीच, म्हणजे इथेही तांदूळ आहेच.

१८२० च्या दशकात एडोत, म्हणजे आजच्या टोकियोत, हाताने वळलेली सुशी आली. तिचं श्रेय हानाया योहेईला देतात. गाडीवर उभं राहायचं, हाताने खायचं आणि चालू पडायचं. थोडक्यात, एडोचा वडापाव. आजच्या महागड्या काउंटरवरही सुशी हाताने खाल्लेली चालते आणि समोर आली की लगेच खायची असते. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी!

या गोष्टीतला मला सर्वात भिडणारा भाग मात्र १९४७ चा आहे. युद्ध हरलेला जपान, रेशनवरचा तांदूळ, पोटात भूक. जुलैमध्ये सरकारने खाणावळी आणि हॉटेलं बंद करायचा हुकूम काढला. सुशीवाल्यांचा धंदाच बसणार होता. टोकियोतल्या सुशीवाल्यांनी सरकारशी बोलून एक शक्कल काढली : गिऱ्हाईकाने घरून एक 'गो' (सुमारे १५० ग्रॅम) तांदूळ आणायचे, दुकानदाराने त्या बदल्यात १० सुशी वळून द्यायच्या आणि फक्त मजुरी घ्यायची. आपण गिरणीत दळण नेतो ना, अगदी तसं. कागदोपत्री ते हॉटेल राहिलंच नाही. हीच पद्धत देशभर पसरली आणि तिच्याबरोबर एडोची सुशीसुद्धा.

आता परत त्या तळघरात येऊ. आबे आणि ओबामांमध्ये तेव्हा टीपीपी या व्यापार कराराची घासाघीस चालू होती. अडलं होतं शेतमालावर. जपानने पाच गोष्टी 'पवित्र' ठरवल्या होत्या : तांदूळ, गहू, बीफ-पोर्क, दूध-लोणी आणि साखर. कोट्याबाहेरच्या तांदळावर किलोमागे ३४१ येन कर! शेतकऱ्यांची मतं हे कारण उघडच आहे. पण मला विचाराल तर रेशनच्या दिवसांची आठवणही त्यामागे असावी. मूठभर तांदूळ घेऊन सुशीच्या दुकानात गेलेली पिढी तेव्हा हयात होती.

त्या दौऱ्यात करार काही झाला नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये झाला, तेव्हाही जपानने तांदळावरचा कर ठेवला आणि अमेरिकेला फक्त ५०,००० टनांचा कोटा दिला, तोही हळूहळू ७०,००० पर्यंत वाढणारा. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिका करारातूनच बाहेर पडली. आणि जिरोंचं दुकान? २००७ मध्ये मिळालेले मिशलिनचे तीन तारे २०१९ मध्ये गेले. चव बिघडली म्हणून नव्हे, तर सामान्य माणसाला तिथे बुकिंगच मिळत नाही म्हणून. एकेकाळी गाडीवर कुणालाही मिळणाऱ्या पदार्थाचं हे असं झालं.

असो. पुढच्या वेळी सुशी खाल तेव्हा माशाचं कौतुक जरूर करा, पण आधी तो भात नीट चावून बघा.