हरकती व सूचना

तुम्ही अमेरिकेत राहत असाल, तर हे पत्रक कधी ना कधी तुमच्या टपालपेटीत येऊन पडलं असेल. गुळगुळीत कागद, झाडाखालून सायकलवर जाणारं कुटुंब आणि मोठ्या अक्षरांत प्रश्न: वीस वर्षांनी आपलं शहर कसं असावं? खाली ग्रंथालयात होणाऱ्या सभेची तारीख. शहराच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅनसाठी तुमचं मत मागायला ते आलेलं असतं. इंग्लंडात याच प्रकाराला लोकल प्लॅन म्हणतात. बहुतेक घरांत ते पत्रक पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर रद्दीत जातं.

मुंबईत याच आमंत्रणाचा वेश वेगळा असतो. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपातली जाहीर सूचना, सुरुवातीला ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६’ आणि कुठल्या तरी कलमाचा आकडा, शेवटी ‘हरकती व सूचना’ पाठवायची मुदत. आपण रोज दहा वेळा ‘काही हरकत नाही’ म्हणतो. शहराचा आराखडा हा असा एक विरळा प्रसंग, जिथे सरकार आपण होऊन हरकत आहे का असं विचारतं. ते केव्हा विचारतं आणि कोणाला, यावर पुढचं बरंच काही ठरतं. मी नगररचनेच्या इतिहासावर काम करते, आणि मुंबईच्या आराखड्यांकडे या एका प्रश्नाच्या अंगाने पाहिलं तर त्यांची गोष्ट नेहमीपेक्षा बरीच वेगळी दिसते, असं माझं मत झालं आहे.

सुरुवात १९४८ पासून करू. मुंबई महापालिकेचे अभियंते ना. वि. मोडक (वैतरणेवरचा मोडकसागर त्यांच्याच नावाचा) आणि न्यूयॉर्कचे वास्तुविशारद अल्बर्ट मेयर या दोघांनी बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा मांडली. तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी लिहिलेला तो दस्तऐवज होता. लोकांना विचारण्याची सक्ती आली ती पुढे, १९५४च्या मुंबई नगररचना कायद्याने. प्रत्येक नगरपालिकेने आपल्या संपूर्ण हद्दीचा विकास आराखडा करावा, तो प्रसिद्ध करावा आणि त्यावर लोकांचं म्हणणं मागवावं, असं त्या कायद्याने सांगितलं. त्यानुसार महापालिकेने शहराचा पहिला विकास आराखडा तयार केला आणि १९६४मध्ये तो लोकांपुढे ठेवला.

आता त्यावर आलेली एक हरकत पाहा. माझ्या मते महाराष्ट्राच्या इतिहासातली ती सगळ्यात मोठी हरकत आहे.

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल. दोन वास्तुविशारद, एक स्थापत्य अभियंता, तिघंही तेव्हा ऐन उमेदीत. आराखडा वाचून त्यांच्या लक्षात आलं की महापालिकेने फक्त आपल्या हद्दीपुरता विचार केला आहे. शहर दक्षिणोत्तर पसरतंय, नोकऱ्या सगळ्या दक्षिण टोकाला, माणसं उत्तरेला, आणि लोकल गाड्या मध्ये लोंबकळणाऱ्या गर्दीने भरलेल्या. रस्ते रुंद करून आणि चार मैदानं आरक्षित करून हे सुटणार नाही. खाडीपलीकडे मुख्य भूमीवर नवं शहर वसवा आणि सरकारी कचेऱ्याही तिकडे हलवा, असं त्यांनी सुचवलं. १९६५मध्ये ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकाचा आख्खा अंक या विषयाला दिला गेला. खाडीवर पूल बांधण्याची शिफारस स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने आधीच केली होती, आणि मुंबईचा विचार प्रदेशाच्या पातळीवर करायला हवा हे धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेही सांगितलं, तेव्हा कल्पना संपूर्णपणे त्या तिघांची असं म्हणणं बरोबर नाही. पण तिला नकाशा, आकडे आणि भाषा त्यांनी दिली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. पुढे कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद होते. वाशीत, नेरुळला, बेलापूरला तुमचे नातेवाईक राहत असतील तर ते एका हरकतीच्या पोटातून निघालेल्या शहरात राहतात.

लोकसहभागाच्या पुस्तकांत ही गोष्ट इथेच थांबते. नागरिकांनी सुचवलं, सरकारने ऐकलं.

पण खाडीच्या त्या पलीकडच्या काठावर कोण होतं? ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं. आगरी, कोळी, कराडी. भातखाचरं, मिठागरं, मासळी. त्यांना कोणत्या आराखड्यावर काय वाटतं हे कोणी विचारलं होतं? १९६४ची जाहीर सूचना बृहन्मुंबईची होती, त्यांच्यापर्यंत ती पोचण्याचं कारणच नव्हतं. ‘मार्ग’ इंग्रजीत निघत असे. त्यांच्या हाती कागद आला तो थेट भूसंपादनाचा. आधी जमिनी घेण्याची प्रक्रिया सुरू झाली, आणि त्या जमिनीवर काय उभं राहणार याचा सिडकोचा आराखडा १९७३मध्ये तयार झाला.

हरकत घ्यायची सोय त्यांनाही होती म्हणा. १८९४च्या भूसंपादन कायद्यात कलम ‘५ अ’ होतं, तीस दिवसांची मुदत होती. पण त्या कलमात हरकत घेणारा ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ लागतो. सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस त्यात बसायचा; कूळ कष्टाने बसवावं लागायचं. मजूर, मिठागरात राबणारी बाई, खाडीत जाळं टाकणारा यांचा जमिनीवर कागदोपत्री हक्कच नव्हता. शिवाय त्या हरकतीने फार तर ‘माझी जमीन घेऊ नका’ म्हणता येतं. इथे शहर हवं का, हवं तर कुठून कुठवर, हा प्रश्न त्या चौकटीत मावतच नाही.

मग हरकत रस्त्यावर आली. शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं आंदोलनं झाली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांनी आंदोलकांवर गोळ्या झाडल्या आणि पाच जणांचा जीव गेला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड प्रकल्पग्रस्तांना देण्याची योजना या लढ्यातून आली. नगररचनेच्या अभ्यासक्रमांत १९६५ची हरकत शिकवतात. १९८४ची हरकत शिकवायची झाली तर ती भूसंपादनाच्या, नाहीतर शेतकरी चळवळींच्या प्रकरणात जाते. मला हे वर्गीकरण पटत नाही. दोन्ही हरकती एकाच आराखड्यावरच्या आहेत.

इथे जरा तुमच्या आजच्या देशांकडे वळू. १९६९ साली अमेरिकेत शेरी आर्नस्टाइन यांनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाला लोकांना नुसतं गुंडाळणं, मधे माहिती देणं आणि मत विचारणं, वरच्या टोकाला लोकांच्या हाती प्रत्यक्ष निर्णय. त्याच साली ब्रिटनमध्ये स्केफिंग्टन समितीने सांगितलं की लोकांना आराखडा तयार होत असतानाच सामील करून घ्या. ऑरेगन राज्याने १९७३मध्ये कायदा करून प्रत्येक शहराला आराखडा सक्तीचा केला, आणि त्यासाठी घालून दिलेल्या उद्दिष्टांत पहिलंच उद्दिष्ट नागरिकांच्या सहभागाचं ठेवलं. म्हणून पाश्चात्त्य शहरं सुधारली आणि आपली मागे राहिली, असा निष्कर्ष काढू नका. ग्रंथालयातल्या त्या संध्याकाळच्या सभेला कोण येतं ते एकदा जाऊन पाहा. बहुतेक खुर्च्यांत पिकल्या केसांचे घरमालक, ज्यांना आपल्या गल्लीत चार मजली इमारत नको असते. दोन पाळ्यांत काम करणारा भाडेकरू तिथे नसतो. आणि आपली मंडळी? घर विकत घेईपर्यंत आपणही नसतो.

१९६६च्या महाराष्ट्राच्या कायद्याची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. आराखड्याच्या मसुद्यावर म्हणणं कोणी मांडावं, तर ‘कोणत्याही व्यक्तीने’. मालक असण्याची अट नाही, मतदार असण्याची नाही, त्या शहरात राहण्याचीही नाही. जर्सी सिटीतून किंवा शारजातून लेखी हरकत पाठवलीत तर ती नियोजन समितीपुढे जायला हवी. समितीत महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे तज्ज्ञ, जास्तीत जास्त चार. हरकत घेणाऱ्याला म्हणणं मांडण्याची संधी द्यायची, अहवाल द्यायचा, मग आराखडा महापालिकेच्या सभेकडून राज्य शासनाकडे. दार एवढं रुंद असताना आत मोजकीच माणसं का दिसतात, याचं उत्तर मुंबईच्या तिसऱ्या आराखड्यात सापडतं.

दुसरा आराखडा चटकन ओलांडू. तो तुकड्यातुकड्याने १९९०च्या दशकात मंजूर झाला, आणि त्याच्या आधीच्याप्रमाणे त्यातलीही बरीचशी आरक्षणं कागदावरच राहिली. तिसरा २०१४ ते २०३४ या काळासाठी होता आणि तो वेगळ्या तऱ्हेने सुरू झाला. मसुद्याच्या आधी जमिनीचा आज काय वापर होतो आहे याचे नकाशे करावे लागतात. महापालिकेने ते २०१२मध्ये लोकांपुढे ठेवले. लोक तुटून पडले. स्वयंसेवी संस्था, वास्तुविशारद, वस्त्यांतल्या संघटना नकाशा हातात घेऊन गल्लोगल्ली फिरल्या. शाळा आहे तिथे घरं दाखवली होती, मैदान गायब होतं. झोपडपट्टी म्हणजे एक सलग ठिपका. आतली बालवाडी, दवाखाना, कारखाने काहीच नाही. आणि २०११च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतली चाळीस टक्क्यांहून अधिक माणसं त्या ठिपक्यांत राहत होती. कोळीवाड्यांची तक्रार आणखी वेगळी. मासळी वाळवायची जागा, होड्या ओढून ठेवायची जागा, जाळी विणायची जागा, सर्वेक्षकाला ही सगळी मोकळी जमीन दिसते. जी जागा नकाशावर मोकळी, ती वीस वर्षांत कशाने तरी भरते.

पुढे विषयवार आणि प्रभागवार बैठका झाल्या. हे मुंबईत पूर्वी झालं नव्हतं. तरीही फेब्रुवारी २०१५मध्ये मसुदा आला तेव्हा तो चुकांनी भरलेला होता. वारसा वास्तू सुटलेल्या, उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, आरे वसाहतीचा काही भाग विकासाला खुला, काही स्थानकांभोवती चटईक्षेत्र निर्देशांक थेट आठपर्यंत. हरकतींचे गठ्ठे येऊन पडले, हजारोंनी. मुदत संपायला दोनतीन दिवस उरले असताना, एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दुरुस्तीचे आदेश दिले आणि तो मसुदा बाजूला पडला.

तेव्हा वर्तमानपत्रांनी याला लोकांचा विजय म्हटलं. माझं मत थोडं कडवट आहे. एवढ्या हरकतींतल्या कितीतरी ‘आमची इमारत चुकीच्या रंगात आहे’ अशा होत्या. तीन वर्षं आधी नकाशा दुरुस्त करताना जे मिटायला हवं होतं, त्यावरच लोकांची सगळी शक्ती खर्च झाली. शहर कसं असावं हा प्रश्न मागेच राहिला. ज्या थोड्या गटांनी तो धरून ठेवला, त्यांच्या हाताला मात्र काहीतरी लागलं. महिला संघटनांनी नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृहं, पाळणाघरं, आधार केंद्रं यांचा आग्रह सोडला नाही, आणि सुधारित आराखड्यात त्यांना जागा मिळाली.

सुधारित मसुदा मे २०१६मध्ये आला. पुन्हा हजारो हरकती, पुन्हा सुनावण्या. राज्याने तो मे २०१८मध्ये मंजूर केला, त्याच वर्षी सप्टेंबरपासून लागू झाला. मंजुरीच्या टप्प्यावर शासनाने मोठे बदल केले की तेवढा भाग ‘वगळलेला भाग’ म्हणून पुन्हा प्रसिद्ध होतो, पुन्हा हरकती मागवल्या जातात. ना विकास क्षेत्रातली आणि मिठागरांची काही जमीन परवडणाऱ्या घरांसाठी खुली करण्याचा निर्णय या आराखड्यात आहे. त्याचे परिणाम आता दिसू लागले आहेत. कोळीवाड्यांच्या सीमा आखून द्यायचं काम आराखडा मंजूर झाल्यावरही अनेक ठिकाणी अपुरंच राहिलं.

कायद्यानुसार आराखडा लागू झाल्यापासून वीस वर्षांच्या आत त्याची उजळणी सुरू व्हायला हवी. मागच्या खेपेचा अनुभव पाहता काम आधी काही वर्षं हाती घ्यावं लागेल. तेव्हा सगळ्यात आधी प्रसिद्ध होईल तो आजच्या जमीन-वापराचा नकाशा. त्यावर घोषणा नसतील, भविष्याचं चित्र नसेल, नुसते रंग असतील. दादरची चाळ, बोरिवलीची सोसायटी, वर्सोव्याची वाळवण, जिथे तुमचं काही गुंतलं असेल तो तुकडा शोधा, तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्या माणसाला फोन लावा आणि रंग बरोबर आहे का ते विचारून घ्या. चूक असेल तर ती लिहून कळवायला मसुद्याची वाट पाहू नका.