आकड्याचा कुलवृत्तान्त

घराण्यांचे कुलवृत्तान्त सिद्ध करण्याची वहिवाट महाराष्ट्रात जुनी आहे. आणि ज्याने असे काम एकदा तरी अंगावर घेतले असेल त्याला ठाऊक असते की, घरोघरच्या देवघरांतील कागद, इनामाच्या सनदा आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या चाळता चाळता ज्या पुरुषाच्या पित्याचे नाव कोठेच सापडत नाही, त्याच्यापाशी वंशावळ तुटते, आणि संशोधकाचे खरे काम तेथूनच सुरू होते. प्रयोगशाळेत संगणकाच्या पडद्यावर भट्टीचे तापमान म्हणून ७२.४ हा आकडा उमटतो, तेव्हा तोही असाच एका दीर्घ परंपरेचा शेवटचा वंशज असतो. दोन धातूंच्या सांध्यात उपजलेला सूक्ष्म विद्युत्-दाब, तो वाहून आणणारी तार, ती जिथे कसली आहे तो स्क्रू, त्यामागील प्रवर्धक, अखंड दाबाचे अंकांत रूपांतर करणारा परिवर्तक, ते अंक क्षणभर साठविणारी स्मृती, आणि अखेर त्यांवर संस्कार करणारी आज्ञावली, इतके त्याचे पूर्वज होत. आकडा चुकला म्हणजे यांपैकी कोणा एकाने तो बिघडविलेला असतो. दोषशोधन म्हणजे ही वंशावळ उलट दिशेने, मूळपुरुषापर्यंत, एकही पिढी न गाळता वाचणे. आणि 'लॅबव्ह्यू' नावाच्या चित्रमय आज्ञावलीचे माझ्या मते सर्वांत मोठे पुण्य हे की, तिने या वंशावळीचा निदान उत्तरार्ध तरी डोळ्यांना दिसता ठेवला.

मूळपुरुष शोधावयाचा तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याशी जावे लागते. कार्ल लुडविग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८४७ साली रक्तदाबाची रेषा आपोआप रेखाटणारे 'कायमोग्राफ' हे यंत्र प्रसिद्ध केले. धमनीतील दाबाने पाऱ्याचा स्तंभ हलावा, त्यावर तरंगणारा दांडा हलावा, आणि दांड्याच्या टोकाने फिरत्या नळकांड्यावरील कागदावर रेषा उमटावी, अशी त्याची रचना होती. त्या यंत्रात कार्यकारणाची साखळी कोठेही झाकलेली नव्हती. रेषा वेडीवाकडी आली तर दांडा अडकला आहे, पारा कमी पडला आहे, की कागद सैल झाला आहे, हे नुसत्या दृष्टीने कळे. पुढे १८६७ साली केल्व्हिन यांच्या सायफन-लेखणीने समुद्रतळाच्या तारेतून येणारे क्षीण संकेत शाईने लिहून घेतले, तेव्हाही हाच प्रकार होता. साखळी झाकली गेली ती विद्युत्-परिवर्तकाच्या पेटीत. बर्नार्ड गॉर्डन यांच्या 'डॅट्रॅक' या १९५४ सालच्या परिवर्तकात निर्वात नलिका होत्या, आणि तो सेकंदाला ५०,००० नमुने घेऊन प्रत्येकाचे ११ द्विमान अंकांत रूपांतर करी. मापनाचा वेग अशा रीतीने कल्पनेपलीकडे वाढला. मात्र त्या क्षणापासून आकड्याचा जन्म पडद्याआड होऊ लागला.

पडद्याआड जन्मलेल्या या आकड्यांत एक जन्मजात दोष संभवतो, आणि त्याची उपपत्ती या परिवर्तकाच्याही आधीची आहे. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली जे सिद्धान्त मांडले, त्यांचा व्यावहारिक अर्थ असा की, ज्या तरंगाचे मापन करावयाचे त्याच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले पाहिजेत. एरव्ही तो तरंग दुसऱ्याच कोणाचे रूप धारण करून पडद्यावर येतो. आपल्या भिंतीतील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. तिचा अंश मापनाच्या तारेत शिरला आणि आपण सेकंदाला ४८ नमुने घेत असलो, तर पडद्यावर सेकंदाला दोनदा उसासणारी एक संथ लाट दिसते, आणि नवखा अभ्यासक भट्टीच्याच तापमानात चढउतार होत आहेत अशी खात्री बाळगून तिचा तापक बदलावयास निघतो. अंकांत एकदा हे सोंग शिरले म्हणजे पुढील कोणताही गणिती संस्कार ते उतरवू शकत नाही. म्हणून परिवर्तकाच्या अलीकडे, तारेतच, गाळणी बसवावी लागते.

वंशाची दुसरी शाखा चित्राची आहे. आयव्हन सदरलँड यांचे 'स्केचपॅड' १९६३ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सिद्ध झाले, हे पुष्कळांना ठाऊक असते; त्यांचे वडील बंधू बर्ट यांनी त्याच संस्थेत १९६६ साली सादर केलेला प्रबंध मात्र तितकासा कोणाच्या स्मरणात नाही. पडद्यावर प्रकाशलेखणीने चौकटी आणि रेषा काढाव्यात आणि ते चित्रच संगणकाने आज्ञा म्हणून पाळावे, ही कल्पना त्यांनी टीएक्स-२ या संगणकावर प्रत्यक्षात आणून दाखविली. पुढच्या दशकात त्याच संस्थेतील जॅक डेनिस प्रभृतींनी माहितीप्रवाहाचे तत्त्व शास्त्रशुद्ध केले: आज्ञा ओळीने लिहिल्या आहेत म्हणून त्या क्रमाने पाळावयाच्या नाहीत, तर ज्या क्रियेला लागणारी सर्व माहिती हजर झाली तीच क्रिया सुरू व्हावयाची. चित्रातील रेषा ही अशा रीतीने शोभेची राहिली नाही. माहिती कोठून कोठे गेली याचा ती साक्षात दाखला झाली.

या दोन शाखांचा संबंध जुळला तो टेक्सस संस्थानातील ऑस्टिन या नगरात. तेथील विद्यापीठाच्या उपयोजित संशोधन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जेम्स ट्रुचार्ड, जेफ कोडोस्की आणि विल्यम नाउलिन या तिघांनी १९७६ साली 'नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स' ही कंपनी काढली. ह्यूलेट-पॅकर्ड कंपनीने आपली मापनयंत्रे संगणकाशी जोडण्यासाठी जी समाईक वाहिनी तयार केली होती, तिला १९७५ साली आयईईई-४८८ या नावाने प्रमाण मानण्यात आले होते. त्या वाहिनीला पीडीपी-११ संगणकाशी जोडणारे साधन हा या तिघांचा पहिला माल. यंत्रे जोडण्याचे काम सुलभ झाले, परंतु जोडलेल्या यंत्रांना कामाला लावणारी आज्ञावली लिहिण्यातच अभियंत्यांचे दिवस खर्ची पडत राहिले. १९८३च्या सुमारास कोडोस्की यांनी त्यावर तोड शोधावयास घेतली, आणि विद्यापीठाच्या परिसरातच एका लहानशा कचेरीत काही विद्यार्थ्यांना हाताशी धरून काम आरंभिले.

कोडोस्की यांची अडचण मार्मिक होती. यंत्राच्या दर्शनी फळीवर बटणे आणि काटे असतात, ती फळी पडद्यावर काढणे सोपे. पण फळीमागची क्रिया चित्रात कशी मांडावी? माहितीप्रवाहाच्या आकृत्या अभियंते फळ्यावर नित्य काढीत, परंतु 'हेच पुन्हा शंभर वेळा कर' हे त्या आकृत्यांत स्वच्छ सांगता येत नसे. कोडोस्की यांनी पुनरावृत्तीसाठी एक चौकटच योजिली: चौकटीच्या आत जे काढले ते पुन्हा पुन्हा घडेल, आणि मागील फेरीतील मूल्य पुढील फेरीस चौकटीच्या काठावरून मिळेल. १९८४च्या जानेवारीत ॲपल कंपनीचा मॅकिन्टॉश आला होता. त्याच्या कृष्णधवल पडद्यावर आणि माऊसच्या साहाय्याने ही कल्पना साकार होऊन १९८६च्या ऑक्टोबरात लॅबव्ह्यूची पहिली आवृत्ती निघाली. 'लॅबोरेटरी व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट इंजिनिअरिंग वर्कबेंच' या लांबलचक नामाभिधानाचा हा संक्षेप. रंग नसल्याने माहितीचे प्रकार त्या काळी रेषांच्या नक्षीवरून ओळखावे लागत. आज दशांश संख्येची तार नारिंगी, पूर्णांकाची निळी, होय-नाहीची हिरवी आणि अक्षरांची गुलाबी असते. १९९०च्या दुसऱ्या आवृत्तीत चित्राचे थेट यंत्रभाषेत भाषांतर होऊ लागल्याने वेग वाढला, आणि १९९२ पासून लॅबव्ह्यू मॅकिन्टॉशबाहेरच्या संगणकांवरही चालू लागली.

जी वस्तू दिसते तिची झडती घेता येते, आणि म्हणून दोषशोधनाची साधने या आज्ञावलीच्या अंगचीच आहेत. जोडणी अपुरी असेल तर चालविण्याचा बाण तुटलेला दिसतो, आणि त्यावर क्लिक केले की दोषांची यादीच पुढ्यात येते. दिव्याचे चिन्ह पेटविले की माहितीचे ठिपके तारांवरून संथपणे सरकताना दिसतात. कोणत्याही तारेवर 'प्रोब' ठेवला की तेथून त्या क्षणी कोणते मूल्य गेले ते समजते. परंतु या सर्वांत मला अधिक मोलाची वाटते ती 'एरर वायर'. तिच्यातून तीन गोष्टी एकत्र प्रवास करतात: दोष घडला की नाही, त्याचा क्रमांक काय, आणि तो उद्भवला कोठे. ज्या क्रियेकडे दोषाची वर्दी येते ती स्वतःचे काम बहुधा न करता ती वर्दी जशीच्या तशी पुढे पोचविते; त्यामुळे अखेरच्या चौकटीत जी कैफियत हाती येते ती शेवटच्या नव्हे, तर पहिल्या अपराधाची असते. घाईने ही तार न जोडणारा मनुष्य वंशावळीचे पान स्वतःच्या हाताने फाडीत असतो. तीच गोष्ट 'लोकल व्हेरिएबल'ची. त्याच्या योगे मूल्य तारेवाचून एका जागेहून दुसऱ्या जागी नेता येते, ही सोय खरी. परंतु दोन ठिकाणांहून त्यात लिहिले गेले म्हणजे वाचलेले मूल्य कोणाचे, याचा पुरावा उरत नाही.

कैफियत खरी असली तरी ती संपूर्ण असतेच असे नाही, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका अभ्यासकाने सेकंदाला १०,००० नमुने मागितले आहेत, आणि चौकटीच्या प्रत्येक फेरीत तो १,००० नमुने वाचतो, आलेख काढतो आणि फाइलमध्ये लिहितो. यंत्रणा अर्धा मिनिट सुरळीत चालते आणि मग उणे २००२७९ हा क्रमांक देऊन बंद पडते. पुन्हा सुरू केली की पुन्हा अर्धा मिनिट. वर्दीत ठिकाण लिहिलेले असते ते नमुने वाचणाऱ्या क्रियेचे, म्हणून दोष हार्डवेअरवर लादला जातो आणि केबल बदलण्यात सकाळ जाते. वास्तविक हिशेब सोपा आहे. फाइल लिहिण्यामुळे एक फेरी १५० मिलिसेकंदांची होत असेल, तर तेवढ्या अवधीत १,५०० नमुने येतात आणि १,००० उचलले जातात; प्रत्येक फेरीस ५०० थकतात. साठवणीची जागा १,००,००० नमुन्यांची असली तर २०० फेऱ्यांत, म्हणजे बरोबर ३० सेकंदांत, ती तुडुंब भरते आणि न वाचलेल्या जुन्या नमुन्यांवर नवे लिहिले जातात. जागा दुप्पट केली तर मरण अर्ध्या मिनिटाने लांबते, टळत नाही. वाचणारी चौकट निराळी, लिहिणारी निराळी, आणि दोहोंमध्ये रांग, अशी वाटणी करून लिखाण मोठ्या तुकड्यांनी केले म्हणजे तो आजार मुळातून जातो.

पूर्वार्ध, म्हणजे तारेपासून परिवर्तकापर्यंतचा भाग, अजूनही डोळ्यांआड आहे, आणि तेथे चित्राचा आधार मिळत नाही. तारेतील दाब अंकरूपाने संगणकात आणणाऱ्या स्वस्त 'डॅक' साधनांत परिवर्तक एकच असतो आणि तो पाळीपाळीने प्रत्येक वाहिनीकडे वळतो. ज्या वाहिनीस काहीच जोडलेले नाही तिच्यावरही शेजारणीचा तरंग दिसू लागतो, तो यामुळेच: मागील वाहिनीचा विद्युत्भार आत साठून राहिलेला असतो आणि मोकळ्या स्क्रूवरून त्याला वाट मिळत नाही. तारेचा एक इंचभर तुकडा घेऊन तो स्क्रू भूमीच्या स्क्रूशी जोडावा. भूत तत्काळ नाहीसे होऊन शून्य उमटते. दुसरा प्रकार मापपट्टीचा. १२ द्विमान अंकांच्या परिवर्तकास उणे १० ते अधिक १० व्होल्ट ही २० व्होल्टांची पट्टी दिली तर तिच्या ४,०९६ पायऱ्या होतात, आणि एक पायरी जवळजवळ ४.९ मिलिव्होल्टची पडते. के-प्रकारचे थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंचा तो सांधा, एका अंशास सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देते. याचा अर्थ, प्रवर्धकावाचून ते जोडले तर तापमान १२० अंशांच्या उड्या घेऊ लागेल. आणि जोडणीत, सांध्यात वा आज्ञावलीत कोठेही दोष सापडणार नाही, कारण तो निवडीत आहे.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, तेव्हा बखरींपेक्षा अस्सल समकालीन पत्रांना श्रेष्ठ मानण्याचा दंडक त्यांनी घालून दिला. आलेख ही बखर आहे, आणि परिवर्तकाचा मूळ नमुना हा अस्सल कागद. म्हणून दोष कोठे आहे हे ठाऊक नसेल तेव्हा प्रथम आपली आज्ञावली बाजूस ठेवावी, आणि 'मॅक्स' या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सच्याच साधने तपासण्याच्या आज्ञावलीतील टेस्ट पॅनल उघडून त्याच वाहिनीचा दाब तेथे पाहावा; शक्य तर त्याच दोन स्क्रूंवर मल्टिमीटरही टेकवावा. मीटर आणि पॅनल यांचे एकमत झाले तर दोष चित्रात आहे. न झाले तर तो साधनात किंवा त्याच्या मांडणीत आहे. आणि मीटरच चुकीचे सांगत असेल तर सांधा आणि तार यांकडे वळावे. एका रुजुवातीने निम्मी वंशावळ निर्दोष ठरते.

पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून इन्स्ट्रुमेंटेशन शिकणारी मुले आज ही चित्रे सफाईने काढतात, याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांना विनंती एवढीच की, प्रयोगवहीत आकडा लिहिताना त्याच्या शेजारी चार गोष्टी अवश्य नोंदवाव्यात: संवेदक कोणता, जोडणी कशी, मापपट्टी किती, आणि नमुन्यांचा वेग काय. एवढी नोंद असली म्हणजे वर्षानंतर वही उघडणाऱ्या परक्या मनुष्यालाही त्या आकड्याची रुजुवात करता येते. आणि ज्याची रुजुवात होऊ शकत नाही, तो आकडा कितीही सुबक दिसला तरी मापन म्हणून स्वीकारू नये.