महायुद्धांतील रसदीची वाट

पानिपतची आठवण निघाली कीं विश्वासरावास लागलेली गोळी आणि भाऊसाहेबांचें गर्दींत नाहींसें होणें, हींच दोन चित्रें मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम उभीं राहतात. १४ जानेवारी १७६१ हा दिवस मोठा खराच. परंतु त्यापूर्वींच्या अडीच महिन्यांचा विचार क्वचितच होतो. अब्दालीनें दिल्लीची वाट रोखली, गोविंदपंत बुंदेले मारले गेले, दाणागोटा थांबला, जनावरें वैरणीवांचून मेलीं, आणि उपाशी मरण्यापेक्षां लढून मरावें म्हणून फौज अखेर गोटाबाहेर पडली. पराभव झाला तो त्या एका दिवशीं; पण त्याची तयारी कित्येक आठवडे चालली होती.

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास वाचतांनाहि हीच दृष्टि उपयोगी पडते. मॉस्कोपुढची माघार सोडली तर जर्मन भूसेनेस १९३९ पासून जवळजवळ तीन वर्षें यशामागून यश मिळत गेलें. डिसेंबर १९४१ मध्यें जपान युद्धांत उतरलें, आणि त्यासहि पहिले सहा महिने कोणी अडवूं शकलें नाहीं. १९४२ च्या उन्हाळ्यांत जर्मन सैन्य एकीकडे नाईलच्या व दुसरीकडे व्होल्गाच्या रोखानें धांवत होतें. जपानी सैन्य ब्रह्मदेश जिंकून हिंदुस्थानच्या पूर्व सीमेशीं येऊन थडकलें होतें. पुढें दोन वर्षांच्या अवधींत हे तीनहि लोंढे मागें फिरले. ते जेथें फिरले तीं ठिकाणें म्हणजे अल अलामीन, स्टालिनग्राड आणि इंफाळ-कोहिमा. एक वाळवंट, एक बर्फांतलें शहर आणि एक पावसाळी डोंगराळ मुलूख. तिहींत साम्य तें काय? साम्य इतकेंच कीं, चढाई करणाराचा हात त्याच्या पोटापासून फार दूर गेला होता.

आफ्रिकेंतील जर्मन सेनापति रोमेल यानें २१ जून १९४२ रोजीं टोब्रुक घेतलें आणि तो थेट इजिप्तमध्यें शिरला. अलेक्झांड्रिया बंदर साठपांसष्ट मैलांवर राहिलें असतां अल अलामीनपाशीं तो अडला. उत्तरेस भूमध्य समुद्र, दक्षिणेस कत्ताराचा खोलगट, दलदलीचा प्रदेश. मधली पट्टी सुमारें चाळीस मैलांची. वळसा घालण्यास वाव नव्हता. तथापि रोमेलची खरी अडचण समोर नसून पाठीमागें होती. टोब्रुक आतां तीनशें मैलांहून दूर पडलें होतें, आणि त्रिपोली तर हजार मैलांच्याहि पलीकडे. पेट्रोल घेऊन निघालेल्या मोटारी त्यांतलें बरेंचसें वाटेंत स्वतःच जाळीत. शिवाय इटलीहून येणाऱ्या जहाजांच्या मार्गांत माल्टा हें ब्रिटिशांचें बेट होतें.

माल्टाहि त्या वेळीं उपासमारीच्या कडेवर होतें. ऑगस्टांत तेथें धाडलेल्या १४ मालवाहू जहाजांपैकीं पांचच पोहोंचलीं. त्यांतलें 'ओहायो' हें तेलवाहू जहाज बाँबच्या माऱ्यानें इतकें खिळखिळें झालें होतें कीं, विनाशिकांनीं त्यास दोन बाजूंनीं बांधून, सांवरून धरून १५ तारखेस बंदरांत आणलें. त्या तेलानें व धान्यानें बेट तगलें, आणि तेथील विमानें व पाणबुड्या रोमेलचा माल बुडवीत राहिलीं. ऑगस्टअखेर आलम हल्फा येथें त्यानें केलेला हल्ला पेट्रोलच्या टंचाईमुळें व विमानांच्या माऱ्यामुळें कांहीं दिवसांतच थांबला. उलट मॉन्टगोमेरीकडे आफ्रिका खंडास वळसा घालून येणारा माल सारखा सांचत होता. सप्टेंबरांत सुमारें ३०० अमेरिकन शर्मन रणगाडेहि आले. २३ ऑक्टोबरच्या रात्रीं शेंकडों तोफा एकदम कडाडल्या. बारा दिवसांच्या निकराच्या झुंजीनंतर ४ नोव्हेंबर रोजीं रोमेलची फळी फुटली. या झुंजींत हिंदी फौजेची चौथी डिव्हिजनहि उभी होती.

रशियांत हीच गोष्ट कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडली. २८ जून १९४२ रोजीं सुरू झालेल्या जर्मन मोहिमेचें लक्ष्य कॉकेशसमधील तेल हें होतें. मायकोप हातीं आलें, तों तेथील तेलविहिरी रशियनांनीं आधींच निकामी करून ठेविल्या होत्या; ग्रोझ्नी व बाकू दूरच राहिलीं. जुलैअखेर हिटलरनें सैन्याची विभागणी केली. एक भाग तेलाकडे, दुसरा व्होल्गाकांठच्या स्टालिनग्राडकडे. रशियन रेल्वेचे रूळ जर्मन रुळांहून अधिक रुंद असल्यामुळें जिंकलेला लोहमार्गहि पुन्हा बांधून घ्यावा लागे. पाउलस याच्या सहाव्या सैन्यानें शहराचा बहुतेक भाग घेतला. पण नदीकांठची चिंचोळी पट्टी रशियनांनीं सोडली नाहीं. त्यांची रसद रात्रींच्या अंधारांत, तोफांच्या माऱ्याखालीं, होड्यांनीं व्होल्गा ओलांडून येत असे. ती वाट बिकट होती, परंतु आंखूड होती.

१९ नोव्हेंबर रोजीं रशियनांनीं शहरावर न चालतां त्याच्या दोन्ही अंगांस असलेल्या रुमानियन फौजांवर घाला घातला, आणि चार दिवसांत दोन्ही बाहू कालाचजवळ मिळाले. अडीच लाखांहून अधिक माणसें आंत कोंडलीं गेलीं. हिटलरनें त्यांना बाहेर पडण्याची मनाई केली, कारण विमानांनीं रसद पुरवूं असें गोअरिंगनें त्यास वचन दिलें होतें. रोज किमान ३०० टन माल हवा होता. पडत गेला तो सरासरीनें सव्वाशें टनांहूनहि कमी. सैनिकांनीं आपले घोडे मारून खाल्ले. २ फेब्रुवारी १९४३ रोजीं शेवटची तुकडी शरण गेली. सुमारें ९१,००० कैदी झाले; त्यांतून पुढें मायदेशीं परतले ते सहा हजारांच्या आसपास.

तिसरें ठिकाण हिंदुस्थानच्या उंबरठ्यावरचें. जपानी सेनापति मुतागुचि यानें मार्च १९४४ मध्यें तीन डिव्हिजनी चिंदविन नदीच्या पार आणल्या. सैनिकांच्या पाठीवर सुमारें तीन आठवड्यांचा शिधा होता. चालतें अन्न म्हणून गुरांचे कळप बरोबर घेतले होते. त्यांतलीं पुष्कळ गुरें नदींत व डोंगरांत मेलीं. पुढचें धान्य इंफाळच्या ब्रिटिश कोठारांतून घ्यावयाचें, असा हिशेब होता. या हिशेबांत वाया गेलेला प्रत्येक दिवस म्हणजे एक जेवण कमी. म्हणूनच संगशाक या खेड्यापाशीं २२ ते २६ मार्च या दिवसांत झालेल्या लढाईचें मोल मोठें. तेथें पन्नासाव्या हिंदी छत्रीधारी ब्रिगेडनें आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या बटालियननें, पुरेसें पाणी नाहीं, कांटेरी तार नाहीं, अशा स्थितींत शत्रूस अडवून धरलें.

एप्रिलच्या आरंभीं कोहिमास वेढा पडला. आंत लढणारे सुमारें दीड हजार, बाहेर एक सबंध डिव्हिजन. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यापुढील टेनिसच्या पटांगणाच्या एका कडेस एक पक्ष, दुसऱ्या कडेस दुसरा, असें युद्ध चाललें. इंफाळचा रस्ता तुटला, तरी विमानांनीं तेथील फौज जगविली. जपान्यांस असा आधार नव्हता; आणि मग पाऊस सुरू झाला. मेअखेर कोहिमापुढचा जपानी सेनानी सातो यानें, शिधा नाहीं आणि दारूगोळा नाहीं म्हणून, वरिष्ठांची आज्ञा मोडून माघार घेतली. २२ जून रोजीं रस्ता मोकळा झाला. माघारींत जे मेले त्यांतले बहुतेक भुकेनें व रोगानें मेले. स्वातंत्र्यासाठीं त्याच रानांतून चालून आलेले आझाद हिंद सेनेचे सैनिकहि त्या भुकेंतून सुटले नाहींत. दोन्ही बाजूंस हिंदी माणसें होतीं. भुकेनें निशाण पाहिलें नाहीं.

येथवरच्या हकीकतीवरून, ज्याची रसद पक्की त्याचा जय, असा सोपा निष्कर्ष कोणीहि काढील. तो खोटा नाहीं, पण अपुरा आहे. इंफाळ-कोहिमाकडे जाणारा माल बंगालमधून आगगाडीनें दिमापुरास जात असे; आणि त्याच बंगालमध्यें आदल्या वर्षीं माणसें रस्त्यांवर मरत होतीं. १९४२ मध्यें ब्रह्मदेश गेला, तेथून येणारा तांदूळ बंद झाला. जपानी किनाऱ्यानें येतील या भीतीनें सरकारनें किनाऱ्याच्या जिल्ह्यांतून तांदूळ हलविला आणि हजारों होड्या काढून घेतल्या. ऑक्टोबरांत मेदिनीपुरास वादळानें झोडपलें. भाव चढत गेले. फौज व कलकत्त्याचे कारखाने यांची सोय आधीं झाली, आणि खेड्यांतील मजूर, कोळी व कारागीर यांच्या हातीं कांहींच लागलें नाहीं. १९४३ च्या त्या दुष्काळांत व मागून आलेल्या सांथींत सुमारें तीस लाख माणसें दगावलीं, असा अंदाज केला जातो. स्टालिनग्राडांत कोंडलेल्या सैन्याच्या दसपटीहून ही संख्या मोठी आहे.

पानिपतच्या गोटांत लढवय्यांबरोबर बायका, यात्रेकरू आणि बुणगे होते. दाणा संपत आला तेव्हां त्यांच्या तोंडचा घांस प्रथम गेला. बखरींत मात्र नांवें राहिलीं तीं सरदारांचीं. महायुद्धाच्या बखरींतहि अलामीन, स्टालिनग्राड आणि कोहिमा हीं नांवें राहतील, आणि तीं राहावींत. परंतु रसदीचा हिशेब मांडावयाचा तर तो पुरा मांडला पाहिजे. कोणाच्या पानांत किती पडलें हें लिहितांना, तें कोणाच्या पानांतून उचललें, हेंहि त्याच ओळींत लिहावें लागतें.